लहानपणी कॅन्सर झाला होता, आता डॉक्टर व्हायचंय, जमेल का?

प्रश्न विचारणारी मुलगी १७ वर्षांची आहे. सहाव्या वर्षी तिला ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला, त्यातला एएलएल हा प्रकार, अडीच वर्षं ट्रीटमेंट चालली, ती संपून आता आठ-नऊ वर्षं झाली, तब्येत ठीक आहे. तिला लहान मुलांच्या कॅन्सरची डॉक्टर व्हायचंय. आई म्हणते पुन्हा त्या हॉस्पिटलची पायरी चढायची नाही. नातेवाईकांपैकी कुणी म्हणतं हे भावनेच्या भरातलं आहे, निघून जाईल, आणि कुणी म्हणतं अगं तुझी तर गोष्टच अशी आहे की ॲडमिशन कोण नाकारेल. तिचं म्हणणं, "मला झालं होतं म्हणून मला व्हायचंय, हे कारण पुरेसं आहे का? आणि माझं शरीर झेपेल का?"

बाळ, मी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात २४ वर्षं काम करतोय. मला स्वतःला कधी कॅन्सर झालेला नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी जे सांगतोय ते बेडच्या या बाजूने उभं राहून. पण माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या ज्युनियर्सपैकी चार जण असे होते की ज्यांना लहानपणी झाला होता, त्यातली एक तर अगदी तुझ्यासारखीच, एएलएलवाली, आणि तुला उत्तर देताना माझ्या डोळ्यासमोर तीच आहे.

जमेल. हे पहिलं. दुसरं म्हणजे तुझं कारण सुरुवात करायला भरपूर आहे, पण त्याच्या जोरावर वीस वर्षं निघत नाहीत. त्यासाठी अजून काहीतरी लागतं, त्याबद्दलच लिहितो.

आधी तुझ्याकडे काय आहे ते बघू, कारण ते खरंच आहे, उगाच कौतुक नाही. त्या ज्युनियरचा पहिला-दुसराच आठवडा असेल, पाच-साडेपाच वर्षांचा एक मुलगा होता, त्याच्या छातीत पोर्ट बसवलेला, म्हणजे औषध सोडायला कातडीखाली ठेवलेली डबी आणि नळी, आणि पोर्टला सुई लावताना तो फारसा रडायचा नाही पण सलाईनने फ्लश केलं, म्हणजे नळी धुतली, की किंचाळायचा, थुंकायचा, नर्सचा हात ढकलायचा. आम्ही सगळे धरून चाललेलो की घाबरतोय. ही खाली गुडघ्यावर बसली, त्याच्या तोंडापाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "आता तोंडात घाण चव येणारे ना, औषधासारखी? मला माहितीये. मी तीन म्हटलं की येईल आणि दहा म्हणेपर्यंत जाईल. तोंडात ही आंबट गोळी धर." पोरगं तिच्याकडे बघतच राहिलं. नंतर मी तिला विचारलं की कसली चव, तर म्हणे सर, फ्लश केलं की चव येते तोंडात, धातूसारखी, प्लॅस्टिकसारखी, सगळ्यांना नाही येत पण मला यायची, आणि मी सांगायचे तर कुणाला पटायचं नाही कारण औषध तर नळीत जातंय, जिभेवर कुठे. मी तोवर पंधरा वर्षं फ्लश करत होतो. नर्सेसना माहीत होतं, त्यांना मी कधी विचारलं नव्हतं.

तर हे असं तुझ्याकडे असेल. मुलाला "काही नाही होत, मुंगी चावल्यासारखं" असं तू म्हणणार नाहीस, कारण मुंगी चावल्यासारखं नसतं हे तुला माहितीये. रक्तपेशींचे काउंट पडले की घरात कसं वातावरण असतं, आईबाबा बाथरूममध्ये जाऊन फोनवर बोलतात ते मुलाला ऐकू येतं, केस गेल्यापेक्षा स्टेरॉइडने सुजलेला चेहरा जास्त लागतो, हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि तुझ्याकडे ते आतून आहे.

पण आता त्याच मुलीचा दुसरा किस्सा सांगतो आणि यात चूक माझी होती. मला वाटलं हिची गोष्ट म्हणजे वॉर्डसाठी टॉनिकच आहे, मीच तिला म्हटलं की घाबरलेल्या पालकांना सांगत जा तू, मला पण झाला होता म्हणून, बघ कसे चेहरे बदलतात. बदलायचे पण. एका आईला तिने सांगितलं, त्या बाईने हिचा हात सोडला नाही दहा मिनिटं. चार महिन्यांनी तिचा मुलगा रिलॅप्स झाला, म्हणजे आजार परत आला, ट्रीटमेंट चालू असतानाच, जो सगळ्यात वाईट प्रकारचा रिलॅप्स असतो. बोनमॅरोचा, म्हणजे हाडातल्या मगजाचा, रिपोर्ट मी सांगितला, ही बाजूला उभी होती. बाहेर पॅसेजमध्ये ती आई हिच्याजवळ आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मग तुझ्यात असं काय होतं?" ओरडली नाही, काही नाही. खरोखर विचारत होती. ही त्यानंतर स्टोअररूममध्ये ड्रिप सेटच्या खोक्यांवर जाऊन बसली होती, मला तिथे सापडली.

त्या प्रश्नाचं उत्तर काय आहे माहितीये? उत्तर मेडिकलमध्ये आहे, आणि ते तुला शिकावं लागेल, स्वतःबद्दल सुद्धा. तुला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलं असेल की तू फायटर आहेस, तू लढलीस म्हणून जिंकलीस. प्रेमाने सांगतात, मीही सांगतो. पण एएलएलमध्ये कोण बरं होणार हे बऱ्याच अंशी ठरतं ते त्या पेशींमध्ये कुठला जनुकीय बदल झालाय यावर, निदानाच्या वेळी वय आणि पांढऱ्या पेशींचा काउंट किती होता यावर, आणि पहिला महिनाभर औषधं दिल्यावर बोनमॅरोत किती वाईट पेशी शिल्लक राहिल्या यावर, ज्याला आम्ही एमआरडी म्हणतो. एका मुलाच्या पेशीत ईटीव्ही६-रनएक्स१ नावाची जोडणी सापडते, ती औषधांना छान दबते. दुसऱ्याच्या पेशीत फिलाडेल्फिया क्रोमोसोम नावाचा बदल सापडतो आणि कहाणी वेगळी होते, आता त्यावर इमॅटिनिबसारख्या गोळ्या आहेत म्हणून बरं. दोन्ही मुलं सारखीच शूर असतात. शेजारच्या बेडवरचं जे मूल गेलं ते कमी लढलं म्हणून गेलं नाही. हे तुला डोक्याने माहीत असेलच पण पोटात उतरायला वेळ लागतो, आणि ते उतरल्याशिवाय वॉर्डात उभं राहिलीस तर प्रत्येक मृत्यू तुझ्याकडे बघून तोच प्रश्न विचारेल.

आणि काळ. हे पण नशीबच. १९४७ च्या शेवटी बॉस्टनमध्ये सिडनी फार्बरने अमिनोप्टेरिन नावाचं औषध मुलांना देऊन बघितलं, १९४८ मध्ये त्याने १६ मुलांचा अहवाल छापला, त्यात १० मुलांमध्ये आजार काही काळ मागे हटला. काही काळच. ते सगळं परत आलं, पण त्याआधी तर तेवढंही होत नव्हतं. (फार्बर मुळात पॅथॉलॉजिस्ट होता बरं का, मायक्रोस्कोपवाला, पेशंट बघणारा नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागणारे.) १९६२ मध्ये अमेरिकेत मेम्फिसला सेंट ज्यूड हे मुलांचं हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा एएलएलची शंभरातली चार मुलं वाचायची. तिथे डोनाल्ड पिंकेलने हट्टाने सगळी औषधं एकत्र आणि टप्प्याटप्प्याने, मेंदूकडे जाणारा आजार रोखायची ट्रीटमेंट धरून, दोन-तीन वर्षं द्यायला सुरुवात केली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला निम्मी मुलं वाचायला लागली. आज चांगल्या केंद्रांत नव्वदच्या आसपास. तुला जी ट्रीटमेंट मिळाली तिचा सांगाडा तोच आहे, इंडक्शन म्हणजे पहिला महिनाभराचा मारा, मग मधले टप्पे, मग ते कंटाळवाणं मेंटेनन्स, लांबलचक गोळ्यांचं.

म्हणूनच मला विचारशील तर खरी कसोटी ही आहे: तुला हे वाचताना काय झालं? इमॅटिनिब कसं काम करतं हे शोधावंसं वाटलं का? चव जिभेवर कशी येते असा प्रश्न पडला का? की तू ते भराभर वाचून पुढे "तर मी होऊ का" याच्या उत्तराकडे गेलीस? दोन्ही चालेल, तू १७ ची आहेस. पण माझ्या बघण्यात जे टिकले त्यांना आजारात रस होता, स्वतःच्या आजारपणात नाही, असा रस की रात्री दोन वाजता स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त, मायक्रोस्कोपखाली बघताना झोप उडते. आणि जे फक्त ऋण फेडायला आले, मला वाचवलं म्हणून मी वाचवणार, त्यांना फार त्रास झाला, कारण हे ऋण या कामात फिटतच नाही. चांगल्यातल्या चांगल्या ठिकाणी एएलएलच्या दहातलं एखादं मूल जातं. मेंदूच्या देठात होणारा डीआयपीजी नावाचा ट्यूमर आहे, त्यात तर जवळपास सगळीच मुलं वर्ष-दोन वर्षांत जातात, रेडिएशनने काही महिने मिळतात, तेवढंच. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना "मी फेडतेय" हा विचार काही उपयोगाचा नसतो.

आता एका बाईंबद्दल सांगतो. तू मेंटेनन्समध्ये रोज रात्री जी गोळी घ्यायचीस, ६-एमपी, मर्कॅप्टोप्युरिन, ती कुणी बनवली माहितीये? गर्ट्रूड एलियन. ती १५ वर्षांची असताना तिचे आजोबा पोटाच्या कॅन्सरने गेले, ते बघून तिने ठरवलं की हेच करायचं. मेडिकलला नाही गेली, केमिस्ट्री केली, बाई म्हणून लॅबमध्ये नोकरी मिळेना, पीएचडी कधी पूर्ण झालीच नाही. १९५० च्या आसपास जॉर्ज हिचिंग्जबरोबर तिने ही गोळी काढली, १९५३ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि १९८८ मध्ये त्या दोघांना नोबेल, जेम्स ब्लॅकबरोबर. पेशंटला सुई न टोचता तिने जेवढी मुलं वाचवली तेवढी माझ्यासारखे शंभर डॉक्टर जन्मभर राबून नाही वाचवणार.

हे अशासाठी सांगतोय की "डॉक्टर" हा एकच शब्द तुझ्या डोळ्यासमोर आहे कारण सहा वर्षांच्या मुलीला डॉक्टर दिसतो. पॅथॉलॉजिस्ट दिसत नाही, फार्मसीत केमो मोजून भरणारा माणूस दिसत नाही, डोस चुकला नाही म्हणून तू आज आहेस हे त्याच्यामुळेही आहे. हेली आर्सेनो नावाची मुलगी आहे, दहाव्या वर्षी हाडाचा कॅन्सर झाला, पायात धातूचा रॉड आहे, सेंट ज्यूडलाच उपचार झाले आणि मोठी होऊन तिथेच फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीने पेशंट बघणारी, म्हणून कामाला लागली. २०२१ मध्ये ती अंतराळात जाऊन आली ते सगळ्यांना माहीत असतं, पण मला त्यातलं जास्त महत्त्वाचं हे वाटतं की तिने डॉक्टरच व्हायचं असा अट्टहास केला नाही आणि तरी ज्या वॉर्डात झोपली होती तिथे उभी राहिली. माझ्या त्या चौघांपैकी एक ॲनेस्थेशियात गेला, एक फिजिओकडे वळली. एकजण म्हणाला सर मला कॅन्सर नको, मी डोळ्यांचा डॉक्टर होतो, आणि मस्त आहे. चौथी तीच, ती राहिली आमच्यात.

शरीराचं बोलू, इथे मात्र मी जरा कडक होणार आहे. तुझ्या पूर्ण प्रश्नात तू कुठेही लिहिलं नाहीस की तुला कुठली औषधं किती मिळाली. तुला माहीत नाही, हो ना? बहुतेकांना नसतं. "केमो घेतला" एवढंच. अगं, तूच नाही वाचलीस तर कोण वाचणार ती फाईल. अमेरिकेत बरं झालेल्या मुलांचा मोठा अभ्यास १९९४ पासून चालू आहे, आधीच्या दशकांत ट्रीटमेंट घेतलेल्या हजारो जणांवर, त्यात मोठेपणी दहातल्या सहा जणांना काही ना काही जुनाट त्रास निघाला. तेव्हाचे उपचार जास्त जहाल होते, रेडिएशन सर्रास द्यायचे, तुझ्या वेळचं चित्र बरंच बरं आहे. तरी बघायचंच.

लाल रंगाचं औषध आठवतंय? डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन. त्या गटाचा आयुष्यभराचा एकूण डोस काढायचा. शरीराच्या दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम किंवा वर गेला तर हृदयाला जास्त धोका धरतात आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, वेळच्या वेळी करायला लागतो. साध्या रिस्कच्या एएलएलमध्ये बहुतेकदा एवढा जात नाही, पण बहुतेकदा म्हणजे तू नव्हेस, आकडा काढ. व्हिनक्रिस्टिन, जे सदाफुलीच्या झाडातून मिळतं, ते नसांना त्रास देतं, बोटांच्या टोकांना मुंग्या, पाऊल नीट न उचलणं, बहुतेकांचं जातं पण कुणाकुणाचं थोडं राहतं, आणि सर्जरीत जायचं असेल तर बोटं महत्त्वाची. स्टेरॉइडने खुब्याच्या सांध्यातलं हाड खराब होऊ शकतं, आठ-आठ तास उभं राहायच्या कामात ते कळतं. डोक्याला रेडिएशन मिळालं होतं का ते बघ, मिळालं असेल तर थायरॉइड, आणि अभ्यासाचा वेग, हो, स्पष्टच सांगतो, काहींना वाचायला जास्त वेळ लागतो, तो बुद्धीचा प्रश्न नसतो, परीक्षेत जादा वेळ मागायचा तो हक्काने मागायचा, लाजायचं नाही. आणि लसी. केमोनंतर लहानपणीच्या लसींचा परिणाम पुसला गेलेला असू शकतो, हेपॅटायटिस बीची अँटीबॉडी टेस्ट करून घे, लागलं तर पुन्हा लस घे, वॉर्डात पाय टाकायच्या आधी. यातलं काहीही तुझ्या रस्त्यात आडवं येईलच असं नाही, बहुधा नाहीच येणार.

मनाचं पण थोडं. माझ्या त्या ज्युनियरला लाल सिरिंज बघितली की मळमळायचं, चोवीस-पंचवीसच्या वयात. स्पिरिटच्या वासाने पण. सहा वर्षांच्या शरीराने जे पाठ केलंय ते शरीर विसरत नाही, त्याला वेडेपणा म्हणत नाहीत. तिने लपवलं सहा महिने, ड्युट्या बदलून घ्यायची, कुणाला तरी पुढे करायची. शेवटी सायकॉलॉजिस्टकडे गेली, हळूहळू सवय केली, आधी रिकामी सिरिंज, मग लाल पाणी, आता काही होत नाही. तुला होईल का हे आत्ताच बघता येतं, त्यासाठी मेडिकलची वाट बघायला नको. महिना-दोन महिने कुठल्याही हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवक म्हणून जा, पण पहिल्यांदा कॅन्सर वॉर्डात नको. साध्या वॉर्डात, म्हाताऱ्या माणसांच्या. तिथे तुझी गोष्ट कुणाला माहीत नसेल, कुणी तुझ्यात स्वतःचं मूल बघणार नाही, आणि मग कळेल की पाणी देणं, चादर बदलणं, तेच तेच गाऱ्हाणं ऐकणं हे तुला आवडतंय का. मेडिकल म्हणजे ऐंशी टक्के तेच आहे, कागद सोडून.

तुझी गोष्ट ऐकून ॲडमिशन कोण नाकारेल असं नातेवाईक म्हणतात ना, तर कुठे मुलाखत किंवा निबंध असेल तर एवढं कर. आजार एका वाक्यात सांग आणि पुढे जा. मी अशा पॅनेलवर बसलोय, गोष्ट ऐकून डोळ्यात पाणी येतं पण मार्क पाण्याला देत नाहीत, त्यानंतर तू काय केलंस, काय वाचलंस, काय बघितलंस त्याला देतात. "मला कॅन्सर झाला होता म्हणून मला पेशंटचं दुःख कळतं" असं तर अजिबात म्हणू नकोस, तुला तुझं कळतं. त्या पोर्टवाल्या मुलाला चव येत होती म्हणून आंबट गोळी लागू पडली, दुसऱ्या मुलाला चव यायची नाही, तो खरंच घाबरायचा, त्याला गोळी देऊन काही झालं नाही, आणि ते तिला दोन दिवस लक्षातच आलं नाही, कारण तिला वाटलं आपल्याला माहितीये.

त्या आईच्या प्रश्नानंतर आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की तिने स्वतःहून सांगायचं नाही, कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही. अजून तसंच चालू आहे. मोठी मुलं तिला ओळखतात कशी कोण जाणे, गळ्याखाली पोर्टची बारीक खूण दिसते ती बघत असतील.

राहिली आई. तिला तू पटवायला जाऊ नकोस. तुला त्या अडीच वर्षांतलं किती आठवतं? चार-पाच चित्रं असतील. तिला रोजचं आठवतं, तिने थर्मामीटर लावून रात्री मोजल्यात, १०१ झालं की बॅग उचलायची म्हणून झोपताना चपला दाराशी सरळ करून ठेवल्यात. ती तुला हॉस्पिटलमध्ये नको म्हणत नाहीये, ती स्वतः परत जायला नको म्हणतेय. म्हणून ती फाईल तिलाच काढायला सांग, तिनेच जपून ठेवली असणार, आणि दोघी मिळून बसा. तू औषधांची नावं आणि डोस वहीत उतरवून घे, ती तारखा सांगेल. मध्येच कुठेतरी ती काहीतरी सांगायला लागेल जे तुला कधी सांगितलं नव्हतं, तेव्हा पेन खाली ठेव.

लाल औषधाचे सगळे डोस बेरीज करून मला कळव, शेवटचा इको कधी झाला ते पण. आणि बोटांना मुंग्या येतात का, शर्टाची बटणं लावताना वगैरे, ते तू लिहिलंच नाहीस.